जिंकण्यातला वाटा कशात मोजायचा? बास्केटबॉलच्या आकड्यांवरच्या प्रकल्प नोंदी

३ जून

काम असं आहे: क्लबच्या मुलींच्या संघासाठी नवा नोंदतक्ता करायचा. पण रकाने ठरवायच्या आधी, बास्केटबॉलमध्ये कोणते आकडे जिंकण्याशी खरोखर बांधलेले आहेत ते मुळापासून तपासायचं. कोर्टवर पाणी साचायला लागलंय, सराव कमी झालाय, तेव्हा हीच वेळ.

आमच्या प्रशिक्षक सरांचं म्हणणं जसंच्या तसं लिहून ठेवते. "निवडीला गेलं की सगळे एकच विचारतात, गुण किती केले? आपली अकरा नंबर मॅचला चार गुण करते. पण ती बाहेर बसली की आपला डिफेन्स फाटतो. हे कागदावर कसं आणायचं ते बघ."

आज जुन्या मॅचच्या स्कोअरशीट काढून बसले. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नमुन्याची शीट म्हणजे एका बाजूला नावं, नंबर आणि फाउल, दुसऱ्या बाजूला धावता स्कोअर. सुरुवातीच्या पाच जणींच्या फुलीभोवती गोल, नंतर उतरणारीला नुसती फुली. रिबाउंड (बास्केट न झालेला, परत आलेला चेंडू पकडणं) नाही, असिस्ट (बास्केट घडवणारा पास) नाही, टर्नओव्हर (हातचा चेंडू गमावणं) नाही. बदली खेळाडू उतरली एवढं कळतं. किती वेळ होती, कुणाबरोबर होती, ते कळत नाही. अकरा नंबरची अख्ख्या मॅचची मेहनत या कागदावर दोन बास्केट आणि तीन फाउल एवढीच उरते. मला हे बघवत नाही.

अभ्यासासाठी एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, घेते. तिथे १९९६-९७ पासून प्रत्येक चालीची नोंद मिळते, आणि या प्रश्नावर सगळ्यात जास्त डोकं तिथेच लढवलं गेलंय.

५ जून

आधी 'जिंकणं' म्हणजे काय ते पक्कं करू. मॅच जिंकली की हरली ही नोंद फार जाडीभरडी आहे. एका गुणाने जिंकलेली आणि तीस गुणांनी जिंकलेली मॅच तिच्या लेखी सारखीच. मोसमभराचा सरासरी गुणफरक जास्त बोलका. एनबीएच्या ८२ सामन्यांच्या मोसमात ढोबळ हिशेब असा की सरासरी गुणफरकाचा एकेक गुण अडीच-पावणेतीन विजयांच्या मोलाचा. म्हणजे ४१ मध्ये (८२ चे निम्मे) गुणफरकाची २.७ पट मिळवायची.

ताडून पाहिलं. २००७-०८ चे बॉस्टन सेल्टिक्स: गुणफरक १०.३, नियमाने ६९ विजय, प्रत्यक्षात ६६. ठीक. पण २०२४-२५ चे ओक्लाहोमा सिटी थंडर घेतले तर हाच नियम जवळजवळ ७६ विजय सांगतो, आणि ते जिंकले ६८. त्यांचा गुणफरक १२.९, लीगच्या इतिहासातला सर्वांत मोठा. टोकाला गेलं की सरळ रेषेचा नियम ताणला जातो. तिथे डॅरिल मोरी यांनी बेसबॉलवरून बास्केटबॉलला लावलेलं सूत्र बरं चालतं: केलेल्या गुणांना खाल्लेल्या गुणांनी भागायचं आणि त्याचा १३.९१ वा घात घ्यायचा. हे विजयांचं पराभवांशी गुणोत्तर. थंडरचे १२०.५ आणि १०७.६ घातले की उत्तर येतं ६८. बरोब्बर.

सूत्र दर वेळी इतकं चोख बसत नाही. २०१५-१६ च्या गोल्डन स्टेट वॉरियर्सना ते ६५ विजय देतं. ते जिंकले ७३. अटीतटीच्या मॅच खेचून आणण्यात कसब असतंच, नशीबही असतं. तरी खेळाडूचा वाटा मोजायचा तर तो गुणफरकातलाच वाटा, हे माझ्यापुरतं ठरलं. यापुढे प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारायचा: तू गुणफरकाबद्दल काय सांगतोस?

८ जून

आज गुणांचा रकाना. निवडीला सगळे बघतात तो.

बास्केटबॉलमध्ये दोन्ही संघांना चेंडूचा ताबा जवळजवळ सारख्याच वेळा मिळतो, कारण एकाचा ताबा संपला की दुसऱ्याचा सुरू. म्हणून मोजायचं ते ताब्यागणिक. डीन ऑलिव्हर यांनी हा विचार रुजवला. त्यांचे चार घटक आजही पाया आहेत: नेमबाजीची कार्यक्षमता, टर्नओव्हर, आक्रमक रिबाउंड (आपल्याच संघाच्या चुकलेल्या नेमाचा) आणि फ्री थ्रो. वजन साधारण ४०, २५, २०, १५ असं.

ॲलन आयव्हरसनचा २०००-०१ चा मोसम घेतला. सामन्यामागे ३१.१ गुण, लीगमध्ये पहिला, मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू. त्यासाठी २५.५ नेम (बास्केटसाठीचे प्रयत्न) आणि १०.१ फ्री थ्रो. फ्री थ्रोला ०.४४ ने गुणायचं, कारण प्रत्येक फ्री थ्रोने ताबा संपत नाही. बास्केट होऊन वर मिळालेला एक असतो, टेक्निकल फाउलचा असतो. म्हणजे खर्च ३० प्रयत्नांना जरा कमी. ३१.१ ला या खर्चाच्या दुपटीने भागलं की खरी नेमटक्केवारी येते ५२ च्या आसपास. त्या मोसमात लीगची सरासरीही तेवढीच होती.

आता स्टीफन करी, २०१५-१६. सामन्यामागे ३०.१ गुण, म्हणजे आयव्हरसनपेक्षा एक गुण कमी. नेम २०.२, फ्री थ्रो ५.१. खर्च २२.४ प्रयत्न, टक्केवारी ६७. त्या मोसमातली लीगची सरासरी ५४ च्या आसपास. गुणांच्या रकान्यात हे दोघं शेजारी बसतात, पण करीने सात-साडेसात प्रयत्न सहकाऱ्यांसाठी शिल्लक ठेवले. सहकाऱ्यांनी त्यांचं साधारण काम केलं तरी तिथे सात-आठ गुण होतात, आणि तेही एका मॅचला.

मग आयव्हरसन नुसता सरासरी होता का? मला तसं वाटत नाही, आणि इथेच टक्केवारी अपुरी पडते. प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनी फिलाडेल्फियाचा तो संघ बांधलाच असा होता की बाकीचे चौघे बचाव करतील, रिबाउंड घेतील, आणि चेंडू हा एकटा सांभाळेल. एरिक स्नो, जॉर्ज लिंच, टायरोन हिल, मोसमाच्या मध्यात आलेला डिकेम्बे मुटोम्बो. यांतला कुणी स्वतःचा नेम स्वतः तयार करणारा नव्हता. चोवीस सेकंदांचं घड्याळ संपत आलं की चेंडू आयव्हरसनच्या हातात. ते अवघड नेम त्याच्या खाती पडले, आणि त्याच्यामुळे ब्राउनना चार बचावपटू खेळवता आले. संघ ५६ सामने जिंकून अंतिम फेरीत गेला.

म्हणजे दोन आकडे एकत्र वाचायचे: भार किती उचलला, आणि त्या भाराखाली टक्केवारी किती टिकवली. नुसते गुण नकोत, नुसती टक्केवारीही नको.

९ जून

आमच्या संघालाही हे लागू. पाच नंबरचे गुण सगळ्यांत जास्त, पण तिने किती नेम घेतले याची नोंद कुठेच नाही. चुकलेला नेम स्कोअरशीटवर उमटतच नाही.

तक्त्यात पहिला पक्का रकाना: घेतलेले नेम.

१२ जून

बॉक्स स्कोअर (सामन्यातल्या प्रत्येक खेळाडूच्या आकड्यांचा तक्ता) हा आपल्याला निसर्गनियमासारखा वाटतो, पण तो हळूहळू वाढत गेलाय. एनबीएत स्टील (हिसकावलेला चेंडू), ब्लॉक (हवेतच अडवलेला नेम) आणि आक्रमक रिबाउंड वेगळे मोजायला १९७३-७४ ला सुरुवात झाली. खेळाडूचे टर्नओव्हर त्याहून उशिरा, १९७७-७८ पासून. त्याआधी जे घडलं ते घडलंच, पण कागदावर नाही.

आणि या आधीच्या काळातच बिल रसेल खेळून गेला. १३ मोसम, ११ अजिंक्यपदं. सरासरी १५ गुण, २२.५ रिबाउंड, नेमाची टक्केवारी ४४. ब्लॉकसाठी सगळ्यात जास्त ओळखला जाणारा माणूस, आणि त्याच्या नावावर अधिकृत ब्लॉक एकही नाही. पाहणारे सांगतात की तो चेंडू बाहेर भिरकावत नसे, अलगद आपल्या सहकाऱ्याकडे वळवत असे. आजच्या बॉक्स स्कोअरमध्येही या दोन ब्लॉकमधला फरक दिसत नाही. एकात ताबा समोरच्यांकडेच राहतो, दुसऱ्यात आपल्याकडे येतो. मोलाने दुसरा कितीतरी वरचढ, नोंद दोघांची सारखीच.

रसेल निवृत्त झाला १९६९ मध्ये. शेवटच्या मोसमात सेल्टिक्स ४८ जिंकले, ३४ हरले आणि विजेते ठरले. पुढच्या मोसमात ३४ जिंकले, ४८ हरले. आकडे चक्क उलटे. पाहताक्षणी वाटतं, मिळालं उत्तर, रसेल म्हणजे १४ विजय. पण त्याच उन्हाळ्यात सॅम जोन्सही निवृत्त झाला होता. शिवाय रसेल खेळाडू होता तसा प्रशिक्षकही होता, त्यामुळे प्रशिक्षकही बदलला. चौदांपैकी कुणाचे किती? या एका जोडीवरून सांगता येत नाही.

१४ जून

'तो असताना, तो नसताना' या पद्धतीची आणखी उदाहरणं घेतली, कारण सरांचं वाक्य नेमकं त्याच प्रकारचं आहे: ती बाहेर बसली की डिफेन्स फाटतो.

लेब्रॉन जेम्सने २०१० मध्ये क्लीव्हलँड सोडलं. ६१ विजयांवरून संघ १९ वर आला. ४२ विजयांचा खड्डा. पण शकील ओनील आणि इल्गॉस्कसही गेले होते, व्हारेजाओ मोसमाच्या मध्यात जायबंदी झाला, मो विल्यम्सला दुसरीकडे पाठवलं गेलं. जहाज सोडल्यावर उरलेल्यांनी बांधणीच बदलली. खड्डा मोठाच, पण सगळा एकाच्या नावावर घालता येत नाही.

मायकल जॉर्डन १९९३ मध्ये पहिल्यांदा थांबला तेव्हा उलटं झालं. शिकागो बुल्स ५७ वरून ५५ वर, फक्त दोन विजय कमी. यावरून 'जॉर्डनशिवाय काही अडलं नाही' असं म्हणणारे तेव्हाही होते. गुणफरक पाहिला की चित्र पालटतं: सहाच्या वर होता तो तीनच्या आसपास आला. संघ निम्म्याने खाली घसरला, विजयांनी ते झाकलं. ५ जूनला गुणफरक धरून बसायचं ठरवलं ते इथे कामी आलं.

१८ जून

आज प्लस-मायनस. कल्पना अगदी साधी: खेळाडू कोर्टवर असताना संघाने किती गुण केले, किती खाल्ले, त्यांची वजाबाकी. एनबीएच्या अधिकृत बॉक्स स्कोअरमध्ये हा रकाना २००७-०८ पासून आहे. मोह पडावा असाच आकडा, कारण स्क्रीन (सहकारिणीच्या वाटेतल्या बचावपटूला अंगाने अडवणं), बॉक्स आउट (रिबाउंडसाठी समोरच्याला पाठीने मागे रोखणं), सहकाऱ्याच्या मदतीला धावणं, ओरडून सहकाऱ्याला सावध करणं, सगळं त्यात आपोआप धरलं जातं.

पण तो किती हलतो हे आधी मोजलं. एका ताब्यावर शून्य, एक, दोन, तीन असे गुण होतात. सरासरी १.१ च्या आसपास, प्रमाण विचलन (सरासरीपासूनचा नेहमीचा चढउतार) १.२ धरलं. एखादी खेळाडू सामन्यात आपल्या संघाचे ७० आणि समोरच्यांचे ७० ताबे कोर्टवर असेल, तर १४० चं वर्गमूळ गुणिले १.२, म्हणजे १४. दोन्ही संघ अगदी तुल्यबळ असले, ती अगदी सरासरी खेळली, तरी निव्वळ योगायोगाने तिचा आकडा +१४ किंवा -१४ येणं यात नवल काहीच नाही. एका मॅचच्या प्लस-मायनसवरून कुणाला बोलणं म्हणजे अन्याय आहे. टीव्हीवर रोज होतो.

मोसमभराचं काय? ५००० ताबे हल्ल्याचे, ५००० बचावाचे. शंभर ताब्यांमागे चूक २.४ गुणांची. हे जरा बरं. पण 'असताना' आणि 'नसताना' यांची तुलना करायची तर बसलेल्या वेळेतले ताबे कमी असतात. तारांकित खेळाडू बसतोच किती! दीड हजार ताबे धरले तर तिथली चूक ४.४. दोन्ही मिळून फरकाची चूक पाच गुण. एनबीएत चांगला खेळाडू आणि साधारण खेळाडू यांच्यातलं अंतरच जेमतेम तेवढं. म्हणजे पाच गुणांचा फरक दिसला तरी एका मोसमावरून छातीठोक काही सांगू नये. निकोला योकिचच्या डेन्व्हरमध्ये तो बसला की संघ वर्षानुवर्षं सरळ खड्ड्यात जातो. तिथे फरक इतका मोठा आणि इतक्या मोसमांचा आहे की योगायोग म्हणता येत नाही.

१९ जून

ड्रेमंड ग्रीन, २०१५-१६. सरासरी १४ गुण. मोसमाचा एकूण प्लस-मायनस हजाराच्या वर, लीगमध्ये पहिला. वॉरियर्सचा सगळ्या मोसमाचा मिळून गुणफरक सुमारे ८८०. म्हणजे ७३ सामने जिंकणारा हा संघ ग्रीन बाकावर असताना एकूणात मागे पडत होता!

आणि करीचाही आकडा हजाराच्या वर. दोघं बहुतेक वेळ एकत्रच खेळत. मग हजार कुणाचे?

२२ जून

याच प्रश्नासाठी 'समायोजित' प्लस-मायनस आला. वेन विन्स्टन आणि जेफ सॅगरिन यांनी तो डॅलस मॅव्हरिक्ससाठी वापरला, डॅन रोझेनबॉम यांनी २००४ मध्ये पद्धत जाहीरपणे मांडली. बदली झाली की सामन्याचा नवा तुकडा सुरू. प्रत्येक तुकड्याची एक ओळ. कोर्टवरच्या यजमान पाच जणांना +१, पाहुण्या पाच जणांना -१, बाकी सगळ्यांना शून्य. उत्तराच्या रकान्यात त्या तुकड्यातला शंभर ताब्यांमागचा गुणफरक. मोसमाचे १२३० सामने, हजारो ओळी, चारशेच्या वर खेळाडू. मग रिग्रेशनला (आकडे जुळवणाऱ्या गणिती पद्धतीला) विचारायचं, प्रत्येकाचा वाटा किती धरला तर या सगळ्या ओळी जास्तीत जास्त जुळतील?

अडचण लगेच येते. कागदावर अगदी छोटं उदाहरण केलं. अ आणि ब कायम एकत्र खेळतात, संघ +१०. मग अ दहा, ब शून्य हे उत्तर बरोबर. पाच-पाच हेही बरोबर. अ पंधरा आणि ब उणे पाच, तेही तितकंच बरोबर. सामाईक सातबाऱ्यावर दोन भावांची नावं असतात, उतारा वाचून कुणी किती नांगरलं ते कळत नाही, तशी ही गत. साधं रिग्रेशन अशा वेळी बेलगाम आकडे देतं. एखाद्या कोपऱ्यातल्या खेळाडूला +१५, त्याच्या जोडीदाराला -१०.

जो सिल यांनी २०१० मध्ये यावर रिज रिग्रेशनचा उपाय मांडला. मोठ्या आकड्यांना दंड लावायचा. माझ्या उदाहरणात: १० मधून अ आणि ब वजा करून वर्ग, त्यात अ-वर्ग आणि ब-वर्ग यांची दंडपट मिळवायची, आणि ही बेरीज कमीत कमी करायची. उत्तर येतं अ = ब = १० भागिले (२ अधिक दंड). दंड २ धरला तर दोघांना अडीच-अडीच. दोन गोष्टी झाल्या. श्रेय समान वाटलं गेलं, आणि दहातलं निम्मंच वाटलं गेलं. उरलेल्याचा पुरावा नाही म्हणून ते कुणालाच दिलं नाही. दंड किती हवा ते मनाने ठरवायचं नाही. काही सामने बाजूला काढून ठेवायचे आणि कोणता दंड त्यांचं भाकीत सगळ्यात नीट करतो ते पाहायचं.

ही सचोटी मला फार आवडली. जिथे पुरावा नाही तिथे पद्धत स्वतःहून शून्याकडे सरकते. ज्या थोड्या मिनिटांत ग्रीन आहे आणि करी नाही, किंवा उलट, तेवढीच मिनिटं त्यांना वेगळं करू शकतात. म्हणून तीन-चार मोसम एकत्र घेतले की हा आकडा भरवशाचा होतो, एका मोसमात धूसर राहतो.

२६ जून

आता बॉक्स स्कोअरवरून एकच आकडा काढणारी सूत्रं. यांवर पटकन.

जॉन हॉलिंजर यांचं पीईआर, म्हणजे खेळाडूच्या कार्यक्षमतेचा एक आकडा: लीगची सरासरी १५ ला बांधलेली. सोयीचं, पण भरपूर नेम घेणाऱ्याला झुकतं माप. अर्थतज्ज्ञ डेव्हिड बेरी यांनी दाखवलं की दोन गुणांचे नेम तीसेक टक्के लागले तरी जास्त नेम घेऊन पीईआर वाढवता येतो. असा खेळाडू संघाला बुडवेल. बचाव म्हणाल तर स्टील, ब्लॉक आणि रिबाउंड, त्यापलीकडे काही नाही. मी हा आकडा बाजूला ठेवतेय.

विन शेअर्स: जस्टिन कुबाटको यांनी बिल जेम्स यांच्या बेसबॉलमधल्या कल्पनेवरून बांधलेला. सगळ्या खेळाडूंची बेरीज संघाच्या विजयांच्या जवळपास येते हा गुण. दोष असा की बचावाचं श्रेय बरंचसं संघाच्या बचावावरून वाटलं जातं, त्यामुळे चांगल्या बचावातला सुमार बचावपटूही तरून जातो.

बॉक्स प्लस-मायनस: डॅनियल मायर्स यांचा. यांतला मला सगळ्यात पटणारा, कारण वजनं मनाने ठरवलेली नाहीत. आधी अनेक मोसमांचा समायोजित प्लस-मायनस घेतला, मग पाहिलं की बॉक्स स्कोअरमधली कोणती गोष्ट त्याच्याशी किती जुळते. तरी त्याच्या जुन्या आवृत्तीने रसेल वेस्टब्रूकच्या २०१६-१७ च्या मोसमाला इतिहासात सर्वोच्च ठरवलं होतं. ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड, १०.४ असिस्ट, ४२ ट्रिपल डबल (एकाच सामन्यात तीन रकान्यांत दहा किंवा जास्त). संघ मात्र ४७ जिंकलेला. त्यातले पुष्कळ रिबाउंड कसे आले ते चित्रफीत लावून पाहा. समोरचा नेम चुकतो. वेस्टब्रूकचा सहकारी सेंटर स्टीव्हन ॲडम्स उडी मारतच नाही. तो गुडघे वाकवून, पाठ लावून समोरच्या सेंटरला रिंगपासून दूर रेटत असतो. रिकाम्या जागेत वेस्टब्रूक येतो, चेंडू घेतो आणि थेट पळत सुटतो. डाव म्हणून हा चांगलाच, गार्डच्या हातात चेंडू लवकर येतो. पण नोंद होते ती वेस्टब्रूकच्या नावे. २०२० मध्ये मायर्स यांनी सुधारलेली आवृत्ती आणली तेव्हा तो आकडा बराच खाली आला.

बचावात्मक रिबाउंड बहुधा कुणीतरी घेणारच असतो. आक्रमक रिबाउंड मात्र बराचसा एकटीने ओढून आणलेला असतो आणि नवा ताबा मिळवून देतो. दोन्ही एकाच रकान्यात घालणं बंद.

२९ जून

बचाव. इथे जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता.

ह्यूस्टन रॉकेट्सचा शेन बॅटिए सामन्याला सात-आठ गुण करायचा. रिबाउंड थोडे, ब्लॉक मोजके. मोरी तेव्हा ह्यूस्टनचे व्यवस्थापक होते, आणि त्यांच्या लोकांनी काढलेला कागद बॅटिए सामन्याआधी वाचायचा: समोरचा खेळाडू कोर्टवर कुठून नेम घेतो, कुठून किती टक्के. कोबी ब्रायंटला अडवताना तो चेंडू हिसकावायला जात नसे. त्याला लांबच्या दोन गुणांच्या, कमी फायद्याच्या जागेकडे ढकलायचं, हात डोळ्यांसमोर ठेवायचा, फाउल करायचा नाही. नेम लागला तरी बॅटिएचं काम झालेलं असे, कारण असे शंभर नेम घेतले तर ब्रायंटच्या संघाचं नुकसानच. बॉक्स स्कोअरमध्ये यातलं काही नाही. समायोजित प्लस-मायनसमध्ये तो चमकायचा.

उलट स्टीलचा रकाना फसवा. जुगार खेळून चेंडूवर झेप घेणारी दोन स्टील करते आणि पाच वेळा हुकते. प्रत्येक हुकलेल्या झेपेला मागे चौघींना पाच जणी आवराव्या लागतात. स्टील लिहिलं जातं, हुकलेली झेप नाही.

आणखी एक गोष्ट: आपण कोर्टवर असताना समोरच्यांचे तीन गुणांचे नेम किती लागतात, यावर एकट्या खेळाडूचा ताबा फार थोडा. त्यांनी ते किती घेतले, यावर असतो. नवी मॉडेल म्हणूनच तिथला योगायोग काढून टाकतात.

२०१३-१४ पासून एनबीएच्या प्रत्येक कोर्टवर माग काढणारे कॅमेरे आहेत, आणि २०१६-१७ पासून डिफ्लेक्शन (चेंडूला लागलेला हात), स्क्रीन असिस्ट (बास्केटला कारणीभूत स्क्रीन), चार्ज (धडक अंगावर घेऊन मिळवलेला फाउल), हात वर करून अडवलेले नेम हेही जाहीर होतात. ॲडम्सचं काम आता निदान काही अंशी दिसतं.

३ जुलै

माझं मत लिहून टाकते. एनबीएपुरतं: अनेक मोसमांचा समायोजित प्लस-मायनस, त्याला बॉक्स स्कोअरचा आधार दिलेला, ही मिसळ जिंकण्यातला वाटा सगळ्यात नीट सांगते. बॉक्स स्कोअर लवकर स्थिरावतो पण अर्धं बघतो; प्लस-मायनस सगळं बघतो पण फार हळू स्थिरावतो. पुरावा थोडा असेल तोवर पहिल्यावर विसंबायचं, वाढत जाईल तसं दुसऱ्याकडे झुकायचं. पूर्वी ईएसपीएन या क्रीडा वाहिनीचा आरपीएम हा आकडा असाच होता, आजची बहुतेक चांगली मॉडेलही याच बांधणीची.

मात्र हा आकडा 'या संघात, या कामात' किती वाटा होता ते सांगतो. दुसऱ्या संघात तीच खेळाडू तेवढंच देईल असं नाही. ग्रीनची पासिंग करीच्या नेमामुळे मोलाची होते.

५ जुलै

आमच्या संघाला हेच जसंच्या तसं लावता येतं का? हिशेब केला. कुणी मोसमात ५०० ताबे हल्ल्याचे आणि ५०० बचावाचे खेळली तर शंभर ताब्यांमागची चूक ७.६ गुणांची. त्यात कधी समोर तगडा संघ, कधी पहिल्यांदाच स्पर्धेत उतरलेला. अशा प्लस-मायनसवर मुलींचा क्रम लावणं मला मान्य नाही. सरांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "मग अकरा नंबरचं काय?"

रास्त प्रश्न. थोड्या मॅचमध्ये लवकर स्थिरावणाऱ्या गोष्टीच मोजायला हव्यात, पण आपण निवडून, आणि त्यात तिचं काम दिसेल अशा.

६ जुलै

तक्ता तयार. टेबलावर दोन जणी: एक बघून बोलणार, दुसरी लिहिणार.

हल्ला: नेम घेतला आणि लागला, रिंगजवळून, मधून आणि तीनच्या रेषेबाहेरून वेगवेगळा. टर्नओव्हर. आक्रमक रिबाउंड. मिळवलेले फाउल. लागलेल्या नेमाला कारणीभूत स्क्रीन.

बचाव: चेंडूला लागलेला हात. बॉक्स आउट केला, मग रिबाउंड कुणीही घेवो. जिला अडवत होती तिने घेतलेले नेम, कुठून, लागले की नाही. हुकलेली झेप.

आणि स्वतंत्र कागदावर बदल्या, एकही न सोडता. ओळ अशी: क्वार्टर २, घड्याळ ६:१२, स्कोअर १८–१५, आत ११, बाहेर ६. यावरून प्रत्येक तुकड्यातल्या पाच जणी आणि गुणफरक काढता येतो. तो आकडा या वर्षी कुणाला दाखवायचा नाही. वर्षं साठली, मुली पुढच्या गटात गेल्या, तेव्हा उपयोगी पडेल.

अकरा नंबरसाठी निवडीला न्यायचा कागद: तिने अडवलेल्या खेळाडूंनी किती नेम घेतले, त्यांतले रिंगजवळून किती, आणि तिचे बॉक्स आउट. सोबत त्या खेळाडूंची त्याच स्पर्धेतल्या इतर मॅचमधली गुणसंख्या, ती अधिकृत स्कोअरशीटवरूनच मिळते, त्यामुळे निवड समितीला स्वतः पडताळता येईल.

पहिली चाचणी रविवारी, हॉलमधल्या सराव सामन्यात. लिहिणारीला आधी एक जुनी चित्रफीत लावून एक क्वार्टर लिहायला लावायचं आहे. बॉक्स आउट आणि नुसतं उभं राहणं यातला फरक तिला सरांकडूनच दाखवून घ्यायचा.